उणिवा मला मान्य आहेत

प्रेसला त्या मंगळवारी सुट्टी होती, म्हणून मी मंगळवार धरून रजा काढली होती आणि सांगलीला आले होते. सकाळी आई ओट्यापाशी स्टुलावर बसून घेवडा निवडत होती. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. तेवढ्यात शेजारच्या घाटगेवहिनी हातात एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या जानेवारीत ठरलं होतं आणि पत्रिका छापायला जायची होती.

"शैलाताई, तुमची नजर तेवढी फिरवा यावरनं," त्या म्हणाल्या. "मग मी निर्धास्त."

"माझी नजर सध्या नव्वद दिवसांच्या बोलीवर आहे, वहिनी. चालते की नाही ते अजून एकोणचाळीस दिवसांनी कळेल."

घाटगेवहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या नुसत्या हसल्या. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"सुनेला लग्नाआधीच सौ. करून टाकलंत की. चि. सौ. कां. पाहिजे इथे. आणि या तारखेला शनिवार आहे, तुम्ही शुक्रवार छापताय. अर्धे पाहुणे आदल्या दिवशी येऊन बसतील मांडवात."

कुठलं कॅलेंडर तिने उघडूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या वर्षाचे वार तिला पाठ होते. पुढचं वर्ष ती गेले तीन महिने तपासत होती.

वहिनी गेल्यावर मी तिचा फोन मागितला. शुक्रवारच्या फॉर्मचा फोटो तिने काढला होता का, ते मला पाहायचं होतं. काढला होता. जरा हललेला होता, पण वाचता येत होता.

"किती झाले?" तिने विचारलं.

"सात."

"पुरेत का?"

"अजून पाच तरी लागतील."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा घेवड्याच्या शिरा काढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी पुण्याला निघाले. साताऱ्याच्या अलीकडे असताना प्रेसमधून फोन आला. पावणेअकरा वाजता, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरचं पान समोर असताना, आई टेबलावर डोकं टेकून बसली होती. तिला उठवायला गेलेल्या माणसाला आधी वाटलं, तिला झोप लागलीय. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव सांगितला. तो बावन्नावा दिवस होता.

मला या गोष्टीतलं सगळं तारखेनिशी आठवतं. तो आईकडून आलेला रोग आहे.

आई शैलजा हुपरीकर. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका प्रकाशनात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होती. प्रकाशनाची शालेय गाईडं होती, स्तोत्रांच्या पुस्तिका होत्या, पण सगळा डोलारा उभा होता तो कॅलेंडरवर. तिथी, नक्षत्रं, सण, मागच्या बाजूला पाककृती, आणि संकष्टीच्या चौकोनात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं शिक्षण आणि घराचं भाडं त्या चौकोनांतून निघालं. पुस्तकंही तिथूनच आली. बांधणीत वाकडी झालेली, न खपणारी पुस्तकं ती पिशवी भरून आणायची आणि मी ती सगळी वाचायचे.

आकडे तपासायची तिची एक रीत होती. दोन माणसं लागायची. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. आणि आकडे उलटे वाचायचे, शेवटच्या अंकाकडून पहिल्याकडे. सरळ वाचलं की डोळा तिथे जे आहे ते वाचत नाही, जे असायला हवं ते वाचतो, असं ती म्हणायची. तिने ही रीत ज्या ज्या माणसाला शिकवली त्यांतला सगळ्यात हुशार पराग देवस्थळे. तो बाविसाव्या वर्षी प्रेसमध्ये लागला तेव्हा खोलीवर एकटा राहायचा. दोन वर्षं त्याने आईच्या डब्यातलं खाल्लं. मी त्याला परागदादा म्हणायचे. माझ्या दहावीच्या परीक्षेला रोज त्याने मला स्कूटरवरून सोडलं.

पराग पुढे गेला, व्यवस्थापक झाला. व्यवस्थापक झाल्यावर त्याने वाचून दाखवणाऱ्या माणसाची जागा रद्द केली. संगणकावर मजकूर आहे तसा उतरतो, दुसरं माणूस कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानंतर दोन वर्षं आई एकटी वाचत होती. ती गेली त्या वर्षीच्या जुलैत संकष्टीला सांगलीचा चंद्रोदय नऊ एक्कावन्नचा होता आणि आमच्या कॅलेंडरात आठ एक्कावन्न छापला गेला. आकाश भरून आलेलं, चंद्र कुणाला दिसणारच नव्हता. अर्ध्या जिल्ह्याने कॅलेंडर बघून उपास सोडला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुसरं कॅलेंडर उघडलं आणि प्रेसचा फोन वाजायला लागला. विट्याच्या एका आजींचा फोन आईने स्वतः घेतला. "बाकी मला काय ठावं नाही," त्या म्हणाल्या, "माझा उपास परत द्या."

आईने ही गोष्ट मला हसत सांगितली. मग म्हणाली, "चूक माझीच. आठच असणार असं मनात होतं, ते वाचलं."

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी परागने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन कागद समोर ठेवले. पहिल्यावर लिहिलं होतं की तिने आपण होऊन राजीनामा द्यावा, चौदा महिन्यांचा पगार एकरकमी मिळेल. दुसरा कामगिरी सुधारणा योजनेचा होता. नव्वद दिवस. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरच्या एकाही मुद्रितात एकही चूक राहता कामा नये. दर शुक्रवारी आढावा. चूक राहिली तर नव्वदाव्या दिवशी नोकरी संपेल आणि चौदा महिनेही मिळणार नाहीत. सोमवारी सकाळपर्यंत एका कागदावर सही करून द्यायची होती. बोलताना तो तिला ताई म्हणाला नाही. मिसेस हुपरीकर म्हणाला.

मी तेव्हा पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होते. असले कागद मी स्वतः तयार करायचे. चार वर्षांत एकोणतीस माणसांना मी ती योजना दिली होती आणि त्यांतली दोन टिकली. ती माणसाला सुधारण्यासाठी नसते. काढताना कागदोपत्री कारण हाताशी असावं म्हणून असते. हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

तरी शनिवारी मी सांगलीला गेले, दोन दिवस बोललो, आणि आम्ही ठरवलं की योजनेवर सही करायची. हिशेब सरळ होता. सही केली की दर आठवड्याचा कागद हातात येणार. एक माणूस आठ भाषांतल्या आवृत्त्यांचे आकडे एकटं तपासतंय, वाचून दाखवणाऱ्याची जागा व्यवस्थापकानेच काढलीय, आणि अट काय, तर शून्य चूक. बारा आठवड्यांचे बारा कागद गोळा झाले की मालकांपुढे आणि कामगार न्यायालयापुढे परागला उभं करायचं. चौदा महिन्यांचा पगार घेऊन गप्प बसलं तर तो दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये नवीन पडदे लावणार. ज्याने तिच्या डब्यातलं खाल्लं त्याने तिला मिसेस म्हणावं, हे मला सहन होत नव्हतं. मला तो त्या खुर्चीवरून उठलेला बघायचा होता.

सोमवारी आईने सही केली.

शुक्रवारच्या फॉर्मवर इंग्रजीखाली मराठी वाक्य होतं: 'माझ्या कामातील उणीवा मला मान्य असून त्या सुधारण्यास मी बांधील आहे.' पहिल्या शुक्रवारी आईने सवयीने 'उणीवा'तली वेलांटी ऱ्हस्व केली आणि मग सही केली. परागने तो कागद बाजूला ठेवून दुसरा काढला. "मिसेस हुपरीकर, इथे तुमचं काम तपासलं जातंय, माझं नाही." दुसऱ्या शुक्रवारपासून तिने ती दीर्घ वेलांटी तशीच राहू दिली. मला फोनवर म्हणाली, "सही करताना मी त्या शब्दाकडे बघतच नाही. बघितलं की हात जातो."

मी विचारलं, "फोटो काढलास ना?"

ती गेली त्या आठवड्यात शनिवारी पराग घरी आला. बाहेर चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिला. आत मावशी होती, नातलग होते, घाटगेवहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. मी दारात गेले.

"साहेब, आढावा शुक्रवारी असतो," मी म्हणाले. "शुक्रवार काल झाला."

त्याने चपला हातात घेतल्या आणि जिना उतरेपर्यंत पायात घातल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. पुढे पुष्कळ दिवस मी ते आठवून बरं वाटून घेत होते.

पण त्याचं काही बिघडलं नाही. सात फोटो लावून मी मालकांना पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की संस्थेच्या दोन्ही पर्यायांतून श्रीमती हुपरीकर यांनी स्वखुशीने योजना निवडली होती. वकिलांनीही तेच दाखवलं. "सही तुमच्या आईची आहे," ते म्हणाले, "आणि दुसरा चांगला पर्याय समोर असताना केलेली आहे." मी त्यांना सांगितलं की आम्ही विचार करून ठरवलं होतं. जे विचारतील त्यांना मी हेच सांगत राहिले.

वर्षभराने मी नोकरी सोडली आणि पुण्यातच एक दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं. ज्यांच्यासमोर असे दोन कागद ठेवले जातात ती माणसं माझ्याकडे येतात. कुठला घ्यावा, काय मागून घ्यावं, कुठल्या ओळीवर सही करू नये, हे मी सांगते. सगळ्यांना मी बहुतेक एकच सांगते, पैसे वाढवून घ्या आणि बाहेर पडा. लोक म्हणतात, तुमच्याकडे आलं की धीर येतो.

सात वर्षांनी एका गुरुवारच्या यादीत मला नाव दिसलं. पराग देवस्थळे, सांगली, सकाळी अकरा. मला नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं नाही. दोन दिवस मी त्याच्याशी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि सांगायला हरकत नाही, ते दोन दिवस मी फार उत्साहात होते.

तो वेळेवर आला. केस गेले होते, खांदे उतरले होते. पिशवीतून भडंगाचं पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं, मग ते तिथे बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा उचललं आणि शेवटी बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. प्रकाशन एका मुंबईच्या कंपनीने घेतलं होतं. नव्या लोकांनी त्याच्यासमोर दोन कागद ठेवले होते. दहा महिन्यांचा पगार, किंवा नव्वद दिवसांची योजना. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मुलगी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं पैसे घ्यावेत. दम राहिला नाही आता. पण मुलीची तीन वर्षं जायची आहेत अजून. म्हणून विचारायला आलो."

मी दोन्ही कागद सावकाश वाचले. योजनेच्या कागदात त्याला सुटायला जागा ठेवलेलीच नव्हती. विक्री नव्वद दिवसांत दुप्पट करायची होती, तीही मे ते जुलै, जेव्हा कॅलेंडर कुणी विकतही घेत नाही. इतका उघड कागद मी क्वचित पाहिला असेल. पहिला कागद चांगला होता. थोडं ताणलं असतं तर दहाचे बारा महिने झाले असते.

मी योजनेचा कागद त्याच्याकडे सरकवला.

"यावर सही करा," मी म्हणाले. "पैसे घेतले की तुम्ही चूक कबूल केलीत. तुमची एवढी वर्षं झाली तिथे, तुम्ही असं मागच्या दाराने का जायचं? दर आठवड्याचा कागद जपून ठेवा. पुढचं मी बघते."

"सुटतं का कुणी यातून?"

"सुटतात."

हे मी त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले. माझा आवाज स्थिर होता. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुझ्याकडे यायला मला तोंड नव्हतं उल्का. पण म्हटलं, खरं सांगणारं दुसरं कोण आहे." त्याने खिशातून पेन काढलं. "मी इथेच करून टाकतो सही. घरी गेलो की पुन्हा डळमळेन."

"करा."

पेनाचं टोपण काढून तो थांबला. "एक सांगू? ताईंचं मला अजून कळलेलं नाही. त्या शुक्रवारी सकाळी त्या केबिनमध्ये येऊन म्हणाल्या होत्या, पराग, मी पैसे घेते. हसत होत्या. म्हणाल्या, रत्नागिरीला बहिणीकडे जाणार आहे महिनाभर. मी लगेच कागद पुढे पाठवायला सांगितला होता. सोमवारी आल्या त्या दुसऱ्याच कागदावर सही करायला. मी म्हटलं, ताई, कशाला करताय हे, मला वरून आलंय, तुम्हाला यात कुणी टिकू देणार नाही. तेव्हा मी ताईच म्हणालो होतो त्यांना. त्या म्हणाल्या, उल्काला वाटतंय मी लढावं. तिचे बाबा गेल्यापासून पोरीने कधी काही मागितलं नाही, हे मागितलंय. तेव्हा आता नाही म्हणवत नाही."

तिने शुक्रवारीच त्याला होकार दिला होता हे मला माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं. शनिवारी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा माळ्यावरची बॅग खाली काढलेली होती आणि ओल्या फडक्याने पुसून गॅलरीत वाळत ठेवली होती. मी विचारायच्या आत आई म्हणाली होती, "मला दुपारचं झोपायचंय ग. सव्वीस वर्षांत साध्या वारी दुपारी झोपले नाही मी." मी ती बॅग उचलून पुन्हा माळ्यावर टाकली. दोन दिवस बोललो असं मी वर लिहिलं आहे, ते मी बोलत होते. ती भाजी निवडत होती, कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मधूनमधून म्हणत होती की चूक तर माझीच होती. रविवारी संध्याकाळी मी तिला म्हणाले, "तुला झोपायचं असेल तर झोप. मग मला मात्र सांगू नकोस की तू मला ताठ मानेने वाढवलंस." तिने हातातल्या साडीची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "कुठला कागद म्हणालीस?"

आम्ही ठरवलं, असं मी वकिलांना सांगितलं, मावशीला सांगितलं, आणि या पानांतही तसंच लिहिलं. त्यात 'आम्ही' चुकीचं पडलं आहे.

परागने कागद जवळ ओढला. सहीची जागा शोधत त्याचं पेन खाली येत होतं.

"थांबा," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं.

"आईला पैसे घेऊन घरी बसायचं होतं. ती दमली होती. मी तिला बसू दिलं नाही. त्या योजनेतून कुणी सुटत नाही हे मला तेव्हा पूर्ण माहीत होतं, परागदादा, तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी तिला सही करायला लावली, कारण मला तू संपलेला हवा होतास. तेव्हा तिच्या सहीने. आणि आज तुझ्या."